रविवारचं राखीव टेबल

आमच्या रत्नागिरीत चार माणसं दर रविवारी सकाळी नाश्त्याला जमत आणि बशीतल्या पदार्थाला नावं ठेवून घरी परतत. त्यांतला एक माझा नवरा, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे.

यज्ञेश आठल्ये हे त्यांतले बागाईतदार. कलमं वडिलांनी लावलेली, आंबे गडी उतरवायचे, दमायचं काम तेवढं यज्ञेशभावजी करत. धोंडूमास्तर शाळेत मराठी शिकवायचे. वर्गात मुलं ऐकत नसत, ते राहिलेलं सगळं रविवारी तिघांना ऐकावं लागे. महिपत शिंदे एका सरकारी कचेरीत होते. तिथे ते नक्की काय करत हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. आणि चौथा श्रीपती, बँकेतला कारकून. तोंडाने मी त्याला अहो म्हणते. मनात अरे.

त्यांचा एक रिवाज होता, पाळीचा. ज्याची पाळी त्याने हॉटेल निवडायचं, बाकीच्या तिघांनी त्या हॉटेलाला नावं ठेवायची आणि निवडणाऱ्याने शेवटच्या घोटापर्यंत त्याची बाजू लढवायची. कधी स्टँडजवळचं केरूशेटचं हॉटेल, कधी मांडवीच्या रस्त्यावरचं, कधी पेठेतलं लाकडी बाकांचं. गावातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याने या चौघांची थट्टा ऐकलेली आणि निमूटपणे सोसलेली, कारण नावं ठेवता ठेवता ते प्लेटीमागून प्लेटी संपवत.

एका दिवाळीत आम्हा बायकांनाही नेलं होतं. केरूशेटकडे. पाळी महिपतभावजींची.

"उपमा म्हणे याला," यज्ञेशभावजींनी सुरुवात केली. "रव्याला गरम पाणी दाखवलंय नुसतं."

"आणि चटणी बघ," मास्तर म्हणाले. "नारळाने लांबूनच नमस्कार केलाय."

"अरे, गरम तर आहे ना," महिपतभावजी.

"गरम तर तापलेला माणूसपण असतो. म्हणून खातोस काय त्याला?"

चौघे हसले. मग हसता हसता यज्ञेशभावजींचा आवाज एकदम हळवा झाला.

"छे रे. घावन पाहिजे. बिडाच्या तव्यावरचं, अंगभर जाळी पडलेलं. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ, वाटीत नारळाचं दूध, गूळ घातलेलं."

"कोण करतो आता?" मास्तरांनी सुस्कारा सोडला. "या गावात सकाळी गरम घावन देईल असा एक माणूस नाही. असता तर मी रोज गेलो असतो."

"रोज," महिपतभावजी म्हणाले. "घरी चहासुद्धा प्यायलो नसतो."

मी आठल्येवहिनींकडे पाहिलं. त्यांनी त्याच आठवड्यात घावनं घातली होती. भावजींनी ती पेपर वाचत, वर न बघता खाल्ली होती. वहिनी आता केरूशेटच्या चमच्याकडे बघत होत्या.

माझी आई आंजर्ल्याची. जात्यावर बसली की माहेराच्या ओव्या म्हणायची. दोन्ही डोळे भरून यायचे. आणि तिचं माहेर तर परसाच्या दगडी गडग्यापलीकडे, हाक मारली तर मामी ओ देईल इतकं जवळ. पण ओवीत ते सात डोंगरांच्या पल्याड, वाटेत नदी, नदीला पूर. लहानपणी मी एकदा म्हटलं, आई, रडतेस कशाला, जाऊन ये की. तिने जात्याला मूठभर तांदूळ घातले आणि म्हणाली, "गाण्यातलं माहेर लांबच ठेवायचं असतं बाये. जवळ आणलं की गाणं संपतं."

त्या दिवशी केरूशेटकडे मला कळलं, की हे तिघे भुकेचं बोलत नव्हते, ओवी म्हणत होते. श्रीपतीच्या घरी जात्यावर कुणी गात नसावं. त्याने ते सगळं खरं धरलं.

दोन हजार एक साल उजाडलं आणि बँकांनी माणसं कमी करायला काढली. स्वेच्छानिवृत्ती असं त्याचं नाव. श्रीपतीने ती घेतली, आणि घरी येऊन ओटीवर चपला काढता काढता मला सांगितलं,

"मालू, आपण घावनांचं हॉटेल काढायचं."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? लोक कधीचे मागतायत."

"कोण लोक?"

"यज्ञ्या, मास्तर, महिपत."

"हे तीन झाले."

"तीनच कसे? असे गावात कितीतरी असतील."

"देव करो आणि नसोत," मी म्हटलं. "आणि तव्याशी कोण उभं राहणार?"

"तू. तुझ्या हाताला चव आहे."

आमची मुलगी लग्न होऊन सासरी गेली तोवर हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. गरज पडली तसं निघालं. मी तरीही विरघळले, हा माझा मूर्खपणा. त्याच्या डोळ्यांत पोरासारखा उजेड होता. त्याला वाटत होतं, आपले दोस्त इतकी वर्षं उपाशी आहेत, आणि त्यांना जेवू घालायचं पुण्य देवाने आपल्या पदरात टाकलंय.

माळनाक्याजवळ गाळा मिळाला. दसऱ्याला हॉटेल सुरू केलं. पाटीवर 'अगत्य' लिहिलं. बाकीची टेबलं बाजारची, खुर्च्या प्लास्टिकच्या. पण खिडकीजवळचं एक टेबल त्याने फणसाच्या लाकडाचं करून घेतलं, पिवळंधमक, हळद लावलेल्या नवऱ्यासारखं. त्याला चार खुर्च्या. तीन त्यांच्या, एक स्वतःची. मालकाला सकाळी बसायला कधी मिळणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. गाळ्याची फरशी त्या कोपऱ्यात सखल होती, त्यामुळे टेबलाचा एक पाय अधांतरी राहायचा आणि टेबल डगडगायचं. सुतार बघून जातो म्हणाला, तो काही परत आला नाही.

माझ्या मदतीला विमला आली. पालीच्या पुढच्या एका वाडीतली, नवरा मुंबईला. जिभेला लगाम नाही, पण खोबरं खवायला बसली की हात थांबायचा नाही. ती खवायची, मी तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचे आणि पीठ सोडायचे. कडेपासून मधे, पाऊस पडल्यासारखं.

पहिल्या रविवारी तिघे आले. इस्त्रीचे शर्ट, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. सत्यनारायणाला यावं तसे. श्रीपतीने त्यांना फणसाच्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला, हात बांधून. बसायचं त्याला सुचलं नाही.

मी पहिली घावनं स्वतः नेऊन दिली. आत येऊन दारातून बघत राहिले.

यज्ञेशभावजींनी तुकडा मोडला, उसळीत बुडवला, तोंडात घातला. इतक्या वर्षांची सवय, काहीतरी खोचक जिभेवर आलेलं मला लांबूनही दिसलं. मग त्यांना आठवलं, की घावन मी घातलंय आणि श्रीपती समोर उभा आहे. त्यांनी ते घासाबरोबर गिळलं.

"छान," ते म्हणाले.

"छान आहे," मास्तर म्हणाले.

"एकदम छान," महिपतभावजी म्हणाले.

मग काही नाही. टेबल डगडगत होतं, उसळीचा रस वाटीच्या काठावर येऊन परत जात होता. एरवी एवढ्यावर त्यांनी केरूशेटच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथे तिघांनी गुपचूप कोपरं रोवून टेबल दाबून धरलं.

"थंडी पडली की मोहोर येईल," मास्तर यज्ञेशभावजींना म्हणाले. बागा कुणाच्या, सांगतंय कोण.

"येईल," यज्ञेशभावजी म्हणाले.

"आणखी एकेक घालू?" श्रीपतीने विचारलं.

"नको, नको. पोट भरलं."

तीन प्लेटींवर थांबणं ज्यांना माहीत नव्हतं, ते एका घावनावर हात धुऊन उठले. जाताना महिपतभावजींनी श्रीपतीच्या खांद्यावर हात ठेवला, न बोलता. तसा हात मी फक्त स्मशानातून परतलेल्या माणसांना ठेवताना पाहिला होता.

"वयनी," विमला आतून म्हणाली, "ही मान्सं बाराव्याचं जेवल्यासारी जेवली."

श्रीपती मात्र आनंदात होता. "बघितलंस? एकाने नाव ठेवलं नाही."

"तेच बघितलं," मी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी पाळी मास्तरांची. त्यांनी पेठेतलं बाकांचं हॉटेल निवडलं. तिसऱ्या रविवारी यज्ञेशभावजींनी मांडवीचं. रस्त्यात श्रीपती भेटला की तिघांचं एकच, "अरे, यायचंच आहे." ही रत्नागिरीत न येण्याची सगळ्यात सभ्य तऱ्हा. मग श्रीपतीचीच पाळी आली.

"आज तुमची पाळी ना?" मी विचारलं. "मग बोलवा त्यांना इथे."

"माझ्या पाळीला मी माझंच हॉटेल निवडू?" तो म्हणाला. "बरं दिसत नाही."

"मग कुणाचं निवडलेलं बरं दिसतं?"

"त्यांच्यातल्या कुणी तरी निवडायला पाहिजे."

त्याने फोन करून सांगितलं की कामात आहे, माझी पाळी पुढे ढकला. इतकं सगळं एका माणसाच्या बरं दिसण्यासाठी. आणि दर रविवारी सकाळी तो फणसाचं टेबल पुसायचा, चार पेले पालथे घालायचा आणि त्यावर पुठ्ठ्याची एक पाटी उभी करायचा, 'राखीव'. मास्तरांना शुद्धलेखन लागतं म्हणून ती त्याने दोनदा लिहून काढली होती.

हॉटेल आपल्या गतीने चालू लागलं होतं. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. रिक्षावाले येत, दवाखान्यातल्या नर्सबाया रात्रपाळी संपवून येत, आरे-वाऱ्याला निघालेली पुण्याची माणसं गाडी थांबवत आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याने घावनाचे फोटो काढत. रविवारी जागा पुरायची नाही. माणसं रस्त्यावर स्कूटरच्या सीटवर बशी ठेवून उभ्याने खात, आणि आत खिडकीशी ते पिवळं टेबल गाभाऱ्यासारखं रिकामं. कुणी तिकडे वळलं की श्रीपती आडवा व्हायचा. "तिथे माणसं यायची आहेत."

"कोण मंत्री येतायत काय हो?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"मंत्री आला तर बसला तरी असता," मी आतून म्हटलं.

मला त्या तिघांचा राग येत नव्हता. राग यायला समोरच्यात काहीतरी लागतं. मला तुच्छता वाटायची, स्वच्छ, कांजीच्या कपड्यासारखी कडक. राग यायचा तो श्रीपतीचा. दर रविवारी तो आठ वाजता ताठ असायचा, अकरा वाजता वाकलेला. पेले उलटे तसेच उचलायचा. ते बघून माझ्या पिठात गुठळ्या व्हायच्या. एका अशा रविवारी तव्याशी उभी असताना माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"पाहुणा आला दारी, उंबऱ्याला नाही शिवला..."

विमला खोबरं खवत होती. मान वर न करता तिने पुढची ओळ लावली,

"रस्त्यावर वास घेतला, म्हने माझा जीव निवला."

आम्ही दोघी इतक्या हसलो की एक घावन करपलं. श्रीपती दारात येऊन विचारू लागला, काय झालं. विमला म्हणाली, "काय नाय मालक. पाव्हन्यांचं गानं."

मग माघात एका शनिवारी श्रीपतीला मासळीबाजाराजवळ महिपतभावजी भेटले. तो धावत घरी आला.

"उद्या महिपतची पाळी. त्याने शब्द दिलाय. आपल्याकडेच."

रात्री त्याने वाटाणे स्वतः निवडून भिजत घातले. सकाळी मला म्हणाला, "मीठ जपून घाल." पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या मिठावर त्याने लक्ष ठेवलं ते या तीन माणसांसाठी.

आठाचे नऊ झाले. बाहेर गर्दी, आत गर्दी, टेबलावर पाटी. श्रीपती खिडकीशी उभा.

"महिपतची स्कूटर जुनी आहे," तो म्हणाला. "बंद पडली असेल वाटेत."

"तिघांची?"

"जाऊन बघून येतो," म्हणाला आणि गेला.

तो वळणाआड गेला न गेला तोच एक सहाआसनी रिक्षा दारात थांबली. पालीची मंडळी. डोक्याला टोपी घातलेले एक म्हातारे, त्यांची बायको, एक आत्याबाई आणि नव्या शर्टाची घडी न मोडलेला मुलगा. रत्नागिरीत मुलगी बघायला निघाले होते, मुलीकडची वेळ उशिराची होती, आणि गाडीने आत्याबाईंच्या पोटात कालवलं होतं. त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. बसायला कुठे तीळभर जागा नव्हती.

मी हात पदराला पुसले, बाहेर आले, पुठ्ठ्याची पाटी उचलून खिडकीत पालथी टाकली आणि चारही पेले सुलटे केले.

"बसा," मी म्हटलं.

"राखीव होतं ना?" म्हातारे म्हणाले.

"तुमच्यासाठीच."

विमलाने आतून पाहिलं. तिने नुसती नारळाची दुसरी कवड विळीला लावली.

श्रीपती परतला तो मागच्या दाराने. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं तिघांना घेऊनच आलाय. मागे कुणी नव्हतं.

"केरूशेटकडे आहेत तिघे," तो म्हणाला.

"मग?"

"महिपत म्हणाला, तुझ्याकडे रविवारी गर्दी असते, उगाच तुला त्रास. तसं खरंच आहे. पण ऐक तर. मी पोचलो तेव्हा काय चाललं होतं माहितीये? यज्ञ्या केरूशेटला ऐकवत होता. म्हणाला, घावन खावं तर आमच्या श्रीपतीकडचं. ती जाळी, ती उसळ. मास्तरांनी तर डोळे मिटले. म्हणाले, गावात आता खाण्यासारखं एकच ठिकाण उरलंय. केरूशेट मान खाली घालून उभा. इतकी स्तुती, मालू, इतकी स्तुती कुणी तोंडावर करत नाही."

"तोंडावर तर छान म्हणून उठून गेले," मी म्हटलं. "आता आपलं घावन सात डोंगरांपलीकडे गेलं. आता ते गातील."

"काय?"

"काही नाही. तुम्ही काय खाल्लंत तिथे?"

"इडली."

"कशी होती?"

"छे," श्रीपती म्हणाला, आणि त्याचे हात हलायला लागले. "इडली कसली, उशी. सांबार तर असं, की डाळीने कालच राजीनामा दिलाय. मी सांगितलं केरूशेटला, तुझ्या इडलीवर डोकं ठेवून झोपलो तर मान लचकेल."

दसऱ्यापासून मी त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. गालावर रंग आला होता. माझ्या तव्यावरचं घावन उलटायचं राहिलं. मला या माणसाची कीव आली आणि त्या तिघांबद्दलची तुच्छता काही केल्या जाईना. चार महिने हा घावनांवाचून नाही, नावं ठेवण्यावाचून उपाशी होता.

तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. टेबलाकडे. पालथ्या पाटीकडे.

"ते कोण?" त्याने हळूच विचारलं.

"जे आले ते."

बाहेर टोपीवाल्या म्हाताऱ्यांनी हाक मारली, "अहो मालक, इकडे या जरा."

श्रीपती गेला. मी उलथनं हातात धरून दारात उभी राहिले. आता हा त्यांना उठवतो, असं वाटलं. त्याने तसं केलं असतं, तर मी तवा उतरवून घरी गेले असते, आणि पुन्हा चढवला नसता.

"चटणीत मीठ कमी आहे हो," म्हातारे म्हणाले. "आणि उसळीला वाटण लावलंय की वरून फिरवलंय नुसतं? टेबल पण तुमचं डगडगतंय."

मुलगी बघायला निघालेली माणसं ती. सकाळपासून डोळ्यांना धार लावून आलेली.

श्रीपतीने रस्त्याकडे पाहिलं. मग शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि टेबलाच्या कोपऱ्याशी बसला. दसऱ्यापासून पहिल्यांदा. बोटाने चटणी चाखली.

"कमीच आहे," तो म्हणाला. "सांगून थकलो. ऐकतं कोण?"

"घावनही जरा जाड," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या पोटात आता बरं वाटत असावं, कारण बशी पुसून लख्ख होती.

"कडेला," श्रीपती म्हणाला. "मधे बरं आहे. कडेला तिचा हात सैल सुटतो."

"आमच्याकडे वाटाणे रात्री भिजवतात," म्हाताऱ्याची बायको म्हणाली.

"रात्रीच भिजवलेत. मीच भिजवले. पण शिजवताना घाई."

"वयनी," विमला कुजबुजली, "मालक तुमच्या घावनाला नावं ठेवतायत."

"ठेवू दे," मी म्हटलं. "पोटभर ठेवू दे."

थोड्या वेळाने तो आत आला. कपाळावर घाम, डोळ्यांत तो पोराचा उजेड.

"त्यांना आणखी घावनं हवीत. सगळ्यांना. आणि चटणी बदलून मागतायत. मुलगी पसंत पडली तर पुढच्या रविवारी बोलणी करायला येणार आहेत, तेव्हा ते टेबल..."

खिडकीतल्या पालथ्या पाटीकडे त्याची नजर गेली.

"चटणी हीच मिळेल," मी म्हटलं. "पुढच्या रविवारीही हीच. आणि टेबल आधी येईल त्याचं."

तो घावनांची ताटली उचलून बाहेर गेला. खिडकीतली पुठ्ठ्याची पाटी त्याने घेतली, उलटसुलट पाहिली, मधोमध दुमडली, पुन्हा एकदा दुमडली, वाकला आणि टेबलाच्या अधांतरी पायाखाली सारली.

म्हाताऱ्यांनी तळहाताने टेबल दाबून पाहिलं. हललं नाही. तेव्हा त्यांनी बशी पुढे ओढली आणि नाव ठेवायला आणखी काय सापडतं ते श्रीपती आणि म्हातारे मिळून शोधायला लागले.